खुंटीवरचा मास्क

१

सहदेव कोळंबकर मेला आणि त्याचा मास्क खुंटीवर राहिला. पंचनाम्यात एवढंच होतं, आणि त्या एका ओळीवर अख्ख्या बंदराने त्याचा निकाल लावून टाकला. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया सुटला, ऑपरेटर मास्क न घालता मशीनरूममध्ये धावला आणि गुदमरून मेला. बारा वर्षांचा अनुभव, आणि केलं काय तर पोरकटपणा. माणूस गेला की लोक दोन दिवस हळहळतात आणि तिसऱ्या दिवशी त्याची चूक शोधतात. ती सापडली की बरं वाटतं, कारण आपण काही तशी चूक करणार नसतो.

गुरुदास मयेकर त्याच लोकांतले. फरक एवढाच, की त्यांनी तीस वर्षं कारखाना निरीक्षक म्हणून सरकारची चाकरी केली होती, त्यामुळे हळहळणं त्यांना फायलीत घालता येत असे. निवृत्त होऊन ते मालवणात परतले, बायको गेली, आणि तेव्हापासून घरात एकटे. वाडीत तिरसट म्हणून नाव होतं. ते त्यांनी कष्टाने कमावलं होतं आणि जपलंही होतं.

सहदेवचं तेरावं झालं, त्यानंतरच्या सोमवारी त्याची बायको संजना त्यांच्या पडवीत येऊन उभी राहिली. हातात स्टीलचा डबा.

"काका, वायच टायम आसा तुमका?"

"टायमाशिवाय माझ्याकडे आता आसा काय? बस गो."

"घावणे आसत," डबा पुढे करत ती म्हणाली. "एकटे ऱ्हवतास. रिकाम्या हातान कसां येवचां?"

डबा घेताना गुरुदासांच्या मनात आलं, परत देताना यात चार आमसुलं घालायला हवीत. कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये, हे आईने इतक्या वेळा बजावलं होतं की ती गेली तरी हात आपोआप फडताळाकडे जाई.

"शुक्रवारी ओरोसक सभा आसा," संजना म्हणाली. "नव्या नियमांची."

त्यांना ठाऊक होतं. कामाच्या जागच्या सुरक्षेचे नियम बदलायचे होते, मसुदा आला होता. लहान कारखान्यांना दरवर्षीची तपासणी नको, मालकाने 'सगळं ठीक आहे' असं लिहून दिलं की पुरे, असं त्यात होतं. त्यावरच्या हरकती अधिकारी शुक्रवारी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, ऐकणार होते. सहदेवने चार पानांची हरकत लिहिली होती. मास्क बाहेरच्या माणसाने दर महिन्याला तपासावा, आणि मशीनरूममध्ये कुणी एकट्याने जाऊ नये, एवढंच त्याचं मागणं.

"आता कारखान्याचो शेट थंय उभो ऱ्हवतलो," ती म्हणाली, "आणि सांगतलो, बघा, मास्क दिल्यार पण ही माणसां घालनत नाय, मगे कायदो करून उपेग काय? माझ्या घोवाचां मरणच तेका दाखलो म्हणान गावलां. तेना मास्क घातललोच. माका दुसरां काय नको, काका. तेची चार पानां कोणी हसल्याशिवाय वाचून होवची, एवढांच होया."

"तेना मास्क घातललोच, ह्यां तू कशावरून सांगतंस?"

"दाढयेवरून," संजना म्हणाली. "दाढी वाढली की मास्क तोंडार घट्ट बसना नाय, म्हणान तो रोज दाढी करी. सासरे वारले तेव्हा सुतकात दाढी करूची नाय, तर तेरा दिवस कामारच गेलो नाय. तो गेलो त्या सोमवारी सकाळी मी माहेराहून इलंय. गेटार तेका भेटलंय, हातात पिशवी दिलंय. तेव्हा पण गाल गुळगुळीत होते. अर्ध्या तासान गॅस सुटलो."

मास्क नीट बसावा म्हणून बापाच्या सुतकात पगार सोडून घरी बसणारा माणूस. गुरुदासांनी चष्मा काढून पुसला. असा माणूस मास्क खुंटीवर ठेवून आत जात नाही.

२

कारखाना बंदराला लागून. अठरा माणसं, एक कॉम्प्रेसर, एक मास्क. मॅनेजर अनिश याने जुन्या साहेबांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि ऑफिसातल्या शुद्ध मराठीत बोलू लागला.

"फार वाईट झालं, सर. वारा सुटल्यामुळे होड्या किनाऱ्यावर होत्या. बर्फाला उठाव नाही म्हणून शनिवार-रविवार आम्ही बंद ठेवलं होतं. सोमवारी सुरू केलं आणि पाइपच्या सांध्यातलं गॅस्केट उडालं. शिवा बाहेर पळाला, सहदेव आत गेला. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं."

"मास्क?"

"त्याच्या जागेवर. दाराबाहेर, खुंटीवर. नेहमी असतो तसा."

गुरुदास उठून मशीनरूममध्ये गेले. दारापासून टाकीमागच्या व्हॉल्वपर्यंत त्यांनी पावलं मोजली. अकरा. व्हॉल्वचं चाक हाताने फिरवून पाहिलं. पूर्ण बंद करायला नऊ फेरे लागत होते, आणि तेही जोर लावून.

"हा व्हॉल्व कुणी बंद केला?"

"सहदेवनेच. नाहीतर गॅस माशांच्या लिलावाच्या धक्क्यापर्यंत गेला असता, तिथे शंभर बायका बसल्या होत्या."

"म्हणजे तुमचं म्हणणं, माणूस उघड्या नाकाने अकरा पावलं गेला आणि नऊ फेरे फिरवले. अनिश, मी अमोनिया पाहिलाय. उघड्या नाकाचा माणूस दोन पावलांत मागे फिरतो. त्याची इच्छा असो वा नसो, पाय फिरतात."

 चहा आला, तो कुणी प्यायला नाही.

बाहेर खुंटीवर मास्क लटकत होता. पोलिसांनी फोटो काढून तो तिथेच सोडला होता. नाक-तोंड झाकणारा, पुढे फिल्टरची डबी. गुरुदास त्याच्याकडे पाहत राहिले, कारण हीच खुंटी आणि हाच मास्क त्यांनी नोकरीत असताना पाहिला होता. तपासणीच्या तक्त्यात 'मास्क' या शब्दापुढे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'आहे'. त्यापलीकडे तक्ता काही विचारत नव्हता, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

मागून कुणीतरी खाकरलं. बर्फाच्या लाद्या काढणारा शिवा, पन्नाशीचा, खांद्यावर गोणपाट.

"सायेब," तो हळूच म्हणाला, "मास्क ह्या खुंटयेर कधीच नसता."

३

धक्क्याच्या कडेला, माशांच्या रिकाम्या क्रेटवर बसून शिवाने सांगितलं. सोळा दिवस तो हे घशात धरून बसला होता.

"उघड्यार ऱ्हवलो तर दमट हवेन फिल्टर फुकट जाता, म्हणान सहदेव तो झाकणाच्या डब्यात ठेवी. प्रेशरच्या पितळी घड्याळाखाली फळी आसा, थंय. खुंटी नुसती तुमच्यासाठी. म्हणजे तपासणीक कोण येवचो आसलो की तेवढ्यापुरतो टांगूचो." त्याने मान खाली घातली. "रागावू नकात."

"रागावण्यासारखां तू काय केलंस? त्या दिवशी काय बघलंस?"

"गॅस सुटलो तसो सहदेव माका ओरडलो, भायर पळ, धक्क्यावरच्यांका उठय. मी पळालंय. लोकांक घेवन परत इलंय तेव्हा मॅनेजरांनी तेका दाराभायर ओढलेलो. एकटेच होते. माका म्हणाले, जीप बघ. मी जीप हाडूक गेलंय."

"आणि डबो?"

"जमिनीर. झाकण एकीकडे, डबो एकीकडे. मीच उचलून फळयेर ठेवलंय. पंचनाम्याक कोणी इचारूक नाय, आणि मी सांगूक नाय. माझी दोन चेडवां शिकतत, सायेब."

गुरुदासांनी समुद्राकडे पाहिलं. रहस्य म्हणावं तर ते एवढंच होतं, आणि ते सोळा दिवस डब्याच्या झाकणाखाली पडून होतं. डबा उघडलेला होता, म्हणजे सहदेवने त्यातून मास्क काढला होता. घालण्यासाठी काढला, टांगण्यासाठी नव्हे. नंतर तो खुंटीवर ज्याने लावला, त्याला डबा ठाऊक नव्हता. मशीनरूममध्ये रोज वावरणाऱ्या प्रत्येकाला डबा ठाऊक होता. खुंटी खरी मानणारी माणसं दोनच, एक तपासणीला येणारे गुरुदास मयेकर आणि दुसरा त्यांच्यासोबत फिरणारा मॅनेजर.

आणि प्रेताजवळ त्या वेळी एकटा होता तो दुसरा.

४

अनिशने फार वेळ घेतला नाही. काही माणसांना खोटं पेलत नाही, आणि हा त्यांतला होता.

"शेटना मी लगेच फोन केला," तो म्हणाला. आवाजातली ऑफिसची मराठी हळूहळू गळून पडत होती. "ते मुंबईत. पहिलो प्रश्न काय इचारल्यानी म्हायत आसा? तोंडार होतो काय? मी म्हटलंय, होतो. म्हणाले, मगे काढ. मास्क घालून मेलो म्हणजे मास्क खराब, आणि मास्क खराब म्हणजे आमी जबाबदार. नाय घातल्यान तर तो जबाबदार." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मीच काढलंय, सर. पट्टो तेच्या केसांत अडाकलेलो. अजून हातांक जाणवता."

गुरुदासांनी त्याला कागद दिला. अनिशने सगळं लिहून सही केली.

आता खरं तर झालं होतं. शुक्रवारी हा कागद दाखवला की सहदेवचं नाव धुतलं जाणार होतं. पण जुन्या निरीक्षकाची खोड वाईट. नोकरीत असताना जे विचारलं नाही ते निवृत्तीनंतर विचारावंसं वाटतं. त्यांनी मास्क खुंटीवरून काढला आणि फिल्टरची डबी उजेडात धरली.

अमोनियाच्या फिल्टरवर हिरवा पट्टा असतो. या डबीवर तपकिरी होता. तपकिरी फिल्टर फवारणीच्या औषधांसाठी, अमोनिया त्याला जुमानत नाही. श्वास दोन-चारदा निभतो, माणसाला वाटतं चाललंय, आणि तो आणखी आत जातो. शिवाय डबी कोरी करकरीत होती.

"हा फिल्टर कधी आणला?"

"आणलाच नाही, सर," अनिश म्हणाला. "तीन वर्षांत एकही आणला नाही. म्हणून तर शेट घाबरले."

मग हा नवा कुणी लावला? डबीच्या बुडाशी दुकानाचा चिकट कागद होता. शेती-औषधांचं दुकान, कसाल.

संजनाचं माहेर कसालजवळचं, हे गुरुदासांना एकदम आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं असं वाटलं.

५

कसालच्या दुकानदाराला फार आठवावं लागलं नाही.

"म्हातारो इललो. सगळ्यात भारी दी म्हणालो. जावयाक देवचो आसा, हलको नको. भिकाजी तो, खालच्या वाडयेतलो."

भिकाजी आपल्या मांगरात, बागेतल्या खोपीत होता. बाहेर आंब्याची वीस-पंचवीस कलमं, मोहोर भरून आलेला. आत फवारणीचा पंप, औषधाच्या बाटल्या, आणि भिंतीवर सुतळीने टांगलेली एक जुनी फिल्टरची डबी. हिरव्या पट्ट्याची.

गुरुदासांनी आपण सहदेवच्या कारखान्याचे जुने साहेब असं सांगितलं. म्हाताऱ्याने बसायला पाट दिला आणि स्वतःच बोलू लागला. दुःख झालेल्या माणसाला ऐकणारा मिळाला की आणखी काही लागत नाही.

"माका खोकलो. फवारणी केली की रात-रात झोप नाय. चेडवाक बघवलां नाय, घोवाच्या मागे लागली, बाबांक तुझो मास्क दी. तो देयना. म्हणालो, ती उसनी देवची वस्तू न्हय. पण दोन दिवस कारखानो बंद, आणि बायलेचां मन मोडवना. शेवटाक दिल्यान. शनिवारी संजना घेवन इली, सोमवारी पहाटेच्या गाडयेन परत घेवन गेली."

"आणि ह्यो?" गुरुदासांनी हिरव्या डबीकडे बोट दाखवलं.

"तो तेचोच. माझ्या फवारणीन खराब झालो, औषधाचो वास येवक लागलो. मगे म्हटलंय, जावयाक वापरलेली वस्तू कशी परत देवची? हाडलेली वस्तू रिकामी परत देव नये, आमच्या आवशीन शिकयलां. रविवारी कसालाक गेलंय, नवीन घेतलंय, लावन दिलंय. संजनाक म्हटलंय, तेका सांग गो, बाबांनी नवीन लावलो."  म्हाताऱ्याचे डोळे भरून आले, आणि मागोमाग रागही आला. "आणि तेना घातल्यानच नाय. एवढो बरो नवो होतो. तो घातल्यान आसतो तर वाचलो आसतो ना, सायेब? माका तेचोच राग येता. मेल्या माणसाचो राग करू नये, पण येता."

 तीस वर्षांत गुरुदासांनी शेकडो अपघातांचे अहवाल लिहिले होते, कारण अमुक, जबाबदार तमुक. आज कारण समोर पाटाशेजारी बसलं होतं, हातात पाण्याचा तांब्या घेऊन, पाहुण्याला गूळ द्यावा की नको याचा विचार करत. सहदेव निर्दोष ठरला तर हा म्हातारा एकच प्रश्न विचारणार होता. घातला होता, मग वाचला का नाही?

"वाचलो आसतो ना?" भिकाजीने पुन्हा विचारलं.

"पाणी देवा वायच," गुरुदास म्हणाले.

६

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी संजनाला बोलावून अनिशचा कागद वाचून दाखवला. ती रडली नाही. तिने डोळे मिटले.

"म्हणजे घातल्यान होतो."

"घातल्यान होतो. अकरा पावलां आत गेलो आणि व्हॉल्व बंद करूनच पडलो. धक्क्यावरच्या बायकांक तेना वाचयल्यान."

"मगे मास्क चल्लो कित्या नाय?"

हा प्रश्न येणार हे माहीत असून गुरुदासांनी उत्तर तयार ठेवलं होतं. "जुनो होतो गो. तीन वर्सां बदलूक नाय."

"जुनो खंय?" संजना म्हणाली. "बाबांनी तर नवीन..."

 गुरुदासांनी नजर दुसरीकडे वळवली, आणि तेच त्यांचं चुकलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या नजरा वाचणाऱ्या माणसाला स्वतःची लपवता आली नाही.

"तो फवारणीचो होतो," ती अगदी हळू म्हणाली. "होय ना?"

त्यांनी अनिशचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

"मीच मागलंय. मीच नेलंय. गेटार मीच हातात दिलंय." तिचा आवाज कुठेच चढला नाही. "गाडी उशिरा पावली, तो घाईत होतो. बाबांनी नवीन लावलो म्हणान सांगलंय, तर हसलो. म्हणालो, मशीन चालू करून मगे बघतंय. रोज बघी तो, काका. तेवढोच एक दिवस ऱ्हवलो. उसनो दिल्यान ह्यां कळलां तर तेचां नाव आणखी वायट होईत, म्हणान तुमका सांगूक नाय."

 गुरुदासांनी तिला समजवायला हवं होतं, पण समजवण्यासारखं काही नव्हतं. मास्क नसता तर सहदेव दोन पावलांत मागे फिरला असता. मास्क होता म्हणून तो आत गेला. हे तिलाही कळलं होतं.

"उद्या फक्त अनिशाचो कागद वाचूया," शेवटी ते म्हणाले. "बाकीचां माझ्याकडे ऱ्हवांदे."

"नको," संजना म्हणाली. "मास्क कोणीतरी तपासूचो म्हणानच तेना चार पानां लिवल्यान."

ओरोसच्या सभागृहात शेट आधी बोलले. चांगले बोलले. आमच्याकडचंच उदाहरण घ्या, म्हणाले, मास्क दिला होता, खुंटीवर होता, कामगाराने घातला नाही. मग संजना उठली. तिने सहदेवची चार पानं वाचली, शाळेत शिकवतात तशा मराठीत, एकेका शब्दावर बोट ठेवून. कुणी हसलं नाही. नंतर तिने अनिशचा कागद वाचला. अनिश मागच्या रांगेत उभा राहिला आणि म्हणाला, सही माझी आहे. शेट काही म्हणायला उठले होते, ते परत बसले.

"मास्क त्यांच्या तोंडावर होता," संजना अधिकाऱ्यांना म्हणाली. "पण त्याला फिल्टर दुसरा होता. अमोनियाचा नव्हता. तो कसा लागला, ते आमच्या घरातलं दुःख आहे, ते आम्ही सोसू. पण साहेब, हिरवा पट्टा आणि तपकिरी पट्टा यातला फरक बघणारा एकच माणूस त्या कारखान्यात होता, आणि तो मेला. दुसरा ठेवायचा कायदा तुम्ही करत नाय. मालकान लिवन दिल्यार पुरे म्हणतास. मालक तर मुंबयत होतो."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. लिहून घेतलेल्याचं पुढे काय होतं, हे गुरुदासांना सभागृहातल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. पण नंतर तेही उठले, आणि जुन्या तक्त्यात 'आहे' असं कुणी लिहिलं होतं ते स्वतःचं नाव घेऊन सांगितलं.

परतताना संजना त्यांच्या पडवीत टेकली.

"बाबांक काय सांगतलंस?" त्यांनी विचारलं.

"सांगलंय. तेना घातल्यान होतो, पण गॅसच एवढो होतो की कसलोच मास्क पुरणारो नव्हतो. बाबा रडले. म्हणाले, उगाच तेचो राग केलंय." तिने पिशवी मांडीवर घेतली. "कधीतरी तेंका कळात. कळासर तरी झोपांदेत."

गुरुदास आत गेले. फडताळावर तिचा डबा होता, धुऊन पुसून, आत आमसुलं भरलेली. चार दिवसांपूर्वी भरून ठेवली होती, विचारही न करता. त्यांनी तो आणून तिच्या हातात दिला.

संजनाने झाकण उघडलं. आतलं बघत राहिली. मग पडवीतल्या पेपरावर तिने आमसुलं हळूच ओतली, एकही खाली पडू न देता, आणि डब्याला झाकण लावलं.

"ह्या टायमाक रिकामोच द्या, काका," ती म्हणाली, आणि डबा पिशवीत घालून एसटीच्या थांब्याकडे चालू लागली.